भोजराजचा कॉम्बो

सन दोन हजार चौदा. पौष महिना. धान मळून घरात आला होता, शेताच्या बांध्यांमध्ये लाखोरीचं पीक निळ्या फुलावर होतं, आणि पहाटे तलावावरचं धुकं सडकेपर्यंत येत होतं. एकोडीच्या बुद्धविहाराचा वर्धापन दिन होता पंचवीस जानेवारीला. शनिवारची रात्र. अमावास्या पाच दिवसांवर. जे झालं ते त्या रात्री झालं, पण सुरुवात आधीच्या सोमवारी झाली. तिथूनच ऐकावं लागेल.

शेकोटीत लाकूड पुढे सरकवा. आणि मधे बोलू नका.

तुमची पार्टी नवा कॉम्बो घेणार आहे म्हणता. घ्या. पण घेण्याआधी हे ऐकून घ्या. आपल्या घरांनी छप्पन साली भूतखेत सोडलं. सांगणाराही ते मानत नाही. झालं तेवढंच सांगायचं आहे. खोटं वाटलं तर डोमा गाडीवाला अजून आहे. त्याला जाऊन विचारा.

अश्वजित आपल्या अड्याळचा, रामटेक्यांच्या घरचा. तेव्हा चोविशीत होता. टेकचंदच्या भीमगीतांच्या पार्टीत बेस गिटार वाजवायचा. चार जाड तारांची गिटार. ती वाजते तेव्हा लोकांचं लक्ष जात नाही. ती थांबली की गाणं पांगळं होतं, मग लोक इकडेतिकडे पाहतात.

त्याच्याजवळ एक लहान कॉम्बो होता. अॅम्प्लिफायर आणि स्पीकर एकाच खोक्यात. घरी वाजवायला चांगला. पण मंडईच्या जत्रेत, मैदानात ढोलकी आणि ऑक्टोपॅड सुरू झाला की त्याचा बेस कुठे जायचा, कोणाला पत्ता नसे. बटन वाढवलं तर स्पीकर फाटक्या ताडपत्रीसारखा फडफडायचा.

दिवाळीनंतरच्या एका मंडईत टेकचंदनं सगळ्यांसमोर त्याला धरलं. टेकचंद पार्टीचा मालक, कीबोर्ड तोच वाजवायचा.

"अश्वजित, तुहा बेस मलेच ऐकू नाही येत, पब्लिकले का येईन? कानाजवळ डास आला तं त्याचाबी आवाज येते बे."

पोरं हसली. अश्वजितही हसला.

"मोठा कॉम्बो आण. नाही तं मी डाव्या हातानं कीबोर्डवरच बेस वाजवतो. मंग तुले गाडीत बसवाचं कायले?"

हे मात्र कोणी हसण्यावारी नेलं नाही. तसं करणाऱ्या पार्ट्या तेव्हा वाढत होत्या. बेसवाला घरी बसवायचा, एक माणूस कमी. अश्वजित दिवसा लोकांच्या बांधीत चिखल तुडवायचा. रात्री स्टेजवर चढला की त्याला नाव होतं. ते नाव जाणार होतं.

तो नागपूरला जाऊन दुकानं पाहून आला. दुकानदारानं हलके, नवे कॉम्बो दाखवले. एका हातानं उचला म्हणाला. वॅटचा आकडा मोठा सांगितला. अश्वजित शाळेत फार शिकला नव्हता, पण त्याला एक माहीत होतं. त्यानं गिटार जोडली, दुकानातल्या माणसाला सर्वांत जाड तार वाजवत राहायला सांगितलं आणि स्वतः चालत सडकेवर गेला. दुकानात गडगड होती. सडकेवर काही नव्हतं. आकडा कागदावरच राहतो. बेस दूर जाऊन ऐकायचा असतो, आणि उघड्या मैदानात तो लहान स्पीकरच्या पोटातून निघत नाही. जे मोठे कॉम्बो सडकेपर्यंत पोचले, ते त्याच्या आवाक्यात नव्हते. तो रिकाम्या हातानं परत आला.

तेव्हा डोमानं सांगितलं. डोमा पार्टीचं सामान आपल्या गाडीतून वाहायचा.

"चिखल्याले भोजराजचा पडला आहे. पंधरा इंची. दोन माणसं लागतेत उचलाले. देवकाबाई कोणाले देत नाही. पण विचारून पाह्य."

भोजराज म्हणजे अश्वजितच्या आधीचा बेसवाला. चिखल्याच्या खाणीत जमिनीखाली कामाला होता. दिवसा खाली, रात्री स्टेजवर. तीन वर्षांआधी एकोडीलाच, चालू गाण्यात, माईकपाशी मेला. करंट लागून. तेव्हापासून टेकचंदच्या गाडीत त्याचं नाव कोणी काढत नव्हतं.

सोमवारी सकाळी डोमा आणि अश्वजित तुमसरवरून चिखल्याला गेले. खाणीच्या वसाहतीत भोजराजची बायको देवकाबाई दारात बसून तांदूळ पाखडत होती.

"जयभीम, काकू."

"जयभीम. कोणाचा गा तू?"

"अड्याळचा. रामटेके. टेकचंदभाऊच्या पार्टीत बेस वाजवतो."

सूप थांबलं.

"त्यानं धाडलं?"

"नाही. त्याले मालूमबी नाही."

"मंग बस."

कॉम्बो आतल्या खोलीत होता. चादरीखाली, दोन विटांवर. अश्वजितनं विटा कशाला म्हणून विचारलं.

"तेच ठेवत होते. फळ्यावर टेकवला तं फळ्याच वाजतेत म्हणत. लोकायले वाटते बेस आला. बेस नाही, फळ्या असतेत."

अश्वजितनं चादर काढली. काळं खोकं, कोपऱ्यांना लोखंड, पुढे जाळी. जुनं होतं पण कुठे ठेच नव्हती. जपून वापरणाऱ्या माणसाचं होतं. त्यानं मागची वायर सोडवली, आणि देवकाबाईनं त्याच्या हातातून प्लग घेऊन उलटा धरला.

"हे पाह्य."

दोन बारीक पिना होत्या. तिसरी, वरची जाड, बुडातून मोडलेली होती.

...काहून मोडतात, म्हणून विचारतोस? मधे बोलू नका म्हटलं होतं. पण विचारलं ते बरं केलं. तुम्हीही मोडतच असाल.

ती जाड पिन अर्थिंगची. खोक्यात करंट उतरला तर तो तिच्यातून जमिनीत जातो. माणसातून जात नाही. पण गावात अर्थिंग धड नसतं. मग भोंग्यातून घूं घूं सुरू होतं, आणि पब्लिक शिट्ट्या मारतं. पिन मोडली की घूं बंद. म्हणून आपल्याकडचा साउंडवाला आधी पक्कड काढतो, मग गाडीतून सामान काढतो. गिटारवाल्याचा हात लोखंडी तारेवर असतो. कोरस द्यायला गेला की ओठ माईकला लागतात. तेवढं पुरतं.

"त्यायनं नाही तोडली," देवकाबाई म्हणाली. "खाणीतला माणूस. करंटची जात त्यायले समजत होती. टेकचंदनं तोडली. पब्लिक बोंबलून राहिली होती ना. हे म्हणाले, राहू दे घूं. तो म्हणाला, वाजवाचं असन तं वाजव, नाही तं उतर खाली. हे वाजवाले लागले."

डोमा खाली पाहत होता. तो त्या रात्री तिथेच होता.

अश्वजितनं हळूच विषय काढला. कितीला द्याल.

"पैशाचं बोलू नको. फुकट ने. पण एक काम माह्यं तुह्यावर राहीन. त्यायचं गाणं अर्धं राह्यलं आहे."

ते गाणं भोजराजनं स्वतः बांधलं होतं. खाणीतल्या माणसांचं गाणं. आधी एकटा बेस सुरू व्हायचा, बाकी सगळे गप्प, आणि मग पहिली ओळ यायची:

बाप उतरला खाली, वर उजेड ठेवून
पोराच्या हाती भीमाचं पुस्तक देऊन

तीन कडवी होती. दुसऱ्याच्या शेवटी कोरस द्यायला भोजराज माईकवर वाकला होता. तिसरं झालंच नाही.

"शनिवारी तुमची पार्टी एकोडीले जाऊन राहिली, मले समजलं," ती म्हणाली. "तिथं ते गाणं या कॉम्बोवर पुरं वाजव. मंग हा ठेव का आणून दे, तुह्या मनानं."

"तिसरं कडवं मले येत नाही, काकू. कोणालेच येत नाही. ते एकटे काकाच गात होते."

"बोल कोण मागून राह्यलं? बेस पुरा पाह्यजे. त्यायनं घरी कोणतं काम अर्धं टाकलं नव्हतं. घरावर कवेलू फेराले चढले तं अंधार पडला तरी पुरं करूनच उतरत." तिनं प्लग परत त्याच्या हातात दिला. "अना नवी पिन बसव. कोणी का म्हणन, तोडू देऊ नको."

"नाही तोडू देत."

"वाजवशीन?"

"वाजवतो."

तिनं पदरानं खोक्यावरची धूळ पुसली. दोघांनी कॉम्बो उचलून गाडीत ठेवला. सडकेला लागेपर्यंत ती दारातच उभी होती.

अश्वजितनं घरी येऊन स्वतःच्या हातानं नवा तीन पिनेचा प्लग बसवला. कॉम्बो विटांवर ठेवला, जाड तार वाजवली आणि भावाला बांधीच्या टोकापर्यंत पाठवलं. भाऊ परत येऊन म्हणाला, पायात ऐकू येते. अश्वजितला आणखी काही विचारायचं नव्हतं.

गुरुवारच्या तालमीत टेकचंदनं तो आवाज ऐकला आणि हात थांबवून खोक्याकडे पाहिलं. तालीम संपल्यावर त्यानं अश्वजितला गाडीच्या मागे नेलं.

"कोणाचा आहे मले समजते. राहू दे. आवाज मस्त आहे. तुही जागा पक्की."

"हो भाऊ."

"पण एकोडीत ते गाणं नाही होणार. कोणी का म्हणन. ते गाणं वाजलं का तू पार्टीतून गेला. समजलं?"

"समजलं."

असं त्यानं दोघांनाही हो म्हटलं. एक विधवा बाई, तीही तालुका ओलांडून पलीकडे. एक मालक, रोज समोर. कोणाचं राहणार होतं, हे तुम्हीच ओळखा.

शनिवार आला.

विहाराच्या बाजूला ड्रमांवर फळ्या टाकून स्टेज बांधला होता. समोर पटांगण, त्यापलीकडे बांध्या, बांध्यांपलीकडे काळोख. बाया पुढे सतरंजीवर, माणसं मागे घोंगड्या पांघरून. विहाराचं मीटर एवढा भार घेत नव्हतं, म्हणून समितीच्या गोपीचंदनं शेतातल्या मोटारीच्या लाइनवरून वायर आणली होती. गोपीचंद वायरमनचंच काम करायचा. थंडी अशी की लोखंडी खुर्चीवर कोणी बसत नव्हतं.

वंदना झाली. पाहुण्यांची भाषणं झाली. पार्टी स्टेजवर चढली. अश्वजितनं कॉम्बो विटांवर ठेवला, प्लग लावला.

घूं...

भोंग्यातून, खोक्यातून, सगळीकडून. टेकचंदनं माईक बंद केला, चालू केला. घूं तसाच. मागून एक शिट्टी आली. मग दहा आल्या.

"चक्की सुरू केली का बे?" कोणीतरी ओरडलं. बायाही हसल्या.

टेकचंदनं खिशातून पक्कड काढली आणि अश्वजितच्या पुढे धरली.

"तोड."

"भाऊ, नवीनच बसवली. काकूले सांगितलं आहे..."

"मी का विचारलं तुले? तोड. नाही तं उतर खाली."

स्टेजवरचे सगळे त्यांच्याकडे पाहत होते. खुशबू, गाणारी पोरगी, हातात माईक धरून उभी होती. तिला यातलं काही माहीत नव्हतं. ती मागच्याच वर्षी पार्टीत आली होती.

अश्वजितनं पक्कड घेतली. प्लग काढला. पिन मोडली. आवाज बारीकसा झाला, सुपारी फुटावी तेवढा.

प्लग परत लावला. घूं नव्हता. टाळ्या पडल्या.

पहिलं गाणं उठलं, आणि अश्वजितला कळलं की आपण आजपर्यंत बेस वाजवलाच नव्हता. प्रत्येक स्वर पटांगण ओलांडून जात होता. शेवटच्या रांगेपलीकडे ट्रॅक्टर उभे होते, तिथली पोरं मान हलवत होती. दुसरं गाणं. तिसरं. बाया ताल धरू लागल्या. एका म्हाताऱ्यानं वाकून पाहिलं, हा आवाज येतो कुठून. टेकचंदनं अश्वजितकडे पाहून मान डोलवली. अश्वजित खूश होता. चिखल्याला दिलेला शब्द त्याच्या मनातून गेला होता.

अशी सहासात गाणी झाली. मध्यरात्र उलटून गेली. चंद्र निघायचा होता. धुकं बांध्यांवरून पटांगणात आलं, आणि मागचे लोक नुसते काळे ठिपके दिसू लागले. खुशबू पाणी प्यायला थांबली.

तेवढ्यात पुढून एक म्हातारी बाई उभी राहिली.

"ते खाणीवालं गाणं होऊ द्या बाप्पा. तवा अर्धं राह्यलं होतं."

टेकचंदनं माईक तोंडाजवळ घेतला.

"टाइम नाही, मायबाई. पुढचं गाणं..."

बेस सुरू झाला.

चार स्वर. खंड. पुन्हा चार स्वर.

टेकचंदनं झटक्यानं मागे पाहिलं. डोळ्यांनीच विचारलं, काय करतो? अश्वजितला वाटलं, आपलाच हात गेला. त्यानं खाली पाहिलं.

त्याचे दोन्ही हात मफलरला होते. तो मफलर बांधत होता.

तारा स्थिर होत्या.

त्यानं तळहात तारांवर दाबला. जोरात दाबला. आवाज बंद व्हायला पाहिजे होता.

चार स्वर. खंड. चार स्वर.

खुशबूला वाटलं, गाणं ठरलं. पहिली दोन कडवी तिनं मोबाइलवर ऐकली होती. तिनं डोळे मिटून उचललं. बाप उतरला खाली... ढोलकीवाला सवयीनं मागे आला. पुढच्या बायांनी टाळी धरली.

टेकचंदनं हातानं खूण केली. बंद कर. अश्वजितनं दोन्ही हात वर केले. खांद्याच्या वर. त्याला दाखवले.

बेस चालूच होता.

टेकचंदनं ते हात पाहिले. मग खोक्याकडे पाहिलं. त्याची बोटं कीबोर्डवर होती, पण एकही पट्टी खाली गेली नाही.

पहिलं कडवं संपलं. दुसरं आलं. बेस कुठे चुकत नव्हता. अश्वजितला एक दिसत होतं. हा वाजवणारा आपल्यापेक्षा चांगला आहे.

दुसऱ्याचा शेवट जवळ आला.

कोरसची जागा.

खुशबूनं वळून त्याच्याकडे पाहिलं. माईक त्याच्या समोर होता. त्याला पुढे जायचं नव्हतं. तो मागे रेलला. तरी त्याचा पाय पुढे पडला. मान खाली आली. मानेवर काही नव्हतं. हात नव्हता. वजन होतं. खाणीत खाली उतरणाऱ्या माणसाच्या डोक्यावर असतं तसं.

एक तळहात पुन्हा तारांवर गेला होता. आणि माईक तोंडापाशी.

पिन आपणच मोडली, हे त्याला तेव्हा आठवलं.

ओठ जाळीला लागले.

थंड.

लोखंड थंड होतं. बस. आणखी काही नाही...

त्याच्या तोंडून कोरस निघाला की नाही, त्याला सांगता येत नाही. डोमा म्हणतो, निघाला. दोन आवाज आले, म्हणतो. डोमाला त्याबद्दल जास्त विचारू नका.

दुसरं कडवं संपलं. पुढे कोणालाच येत नव्हतं. खुशबू थांबली. ढोलकी थांबली. टाळ्या विरल्या.

बेस थांबला नाही.

तिसरं कडवं.

एकटा बेस. शब्द नाही, ताल नाही. ओळ जिथे यायची तिथे स्वर जरा मागे हटत. जागा सोडत. त्या जागेत काही येत नव्हतं. मग पुन्हा स्वर. पुन्हा जागा.

पटांगणात लेकरू रडत नव्हतं. कुत्रं भुंकत नव्हतं.

ती म्हातारी बाई उभीच होती. तिच्या बाजूची उभी राहिली. मग तिच्या मागची. धुक्यात एकेक माणूस उठून उभा झाला. कोणी सांगितलं नव्हतं. एकोडीच्या लोकांनी ते गाणं अर्ध्यावर पडताना पाहिलं होतं.

शेवटचा स्वर आला. जाड तारेचा. तो लांबला... लांबला... आणि पुरा झाला.



मग स्टेजच्या मागून गोपीचंदचा आवाज आला. हळू. जणू कोणी झोपलं आहे आणि त्याला उठवायचं नाही.

"टेकचंदभाऊ... हा प्लग कोणी काढला?"

कॉम्बोचा प्लग त्याच्या हातात होता. तो धानाच्या तणसावर पडलेला त्याला सापडला. बोर्डापासून हातभर दूर. त्यानं बॅटरी मारली. पितळेच्या दोन पिनांवर दव साचलं होतं. थेंब थेंब. आताच निघालेल्या प्लगवर दव साचत नाही.

"मी तं इथंच बसून होतो," गोपीचंद म्हणाला. "इकडं कोणी आलंच नाही."

अश्वजितनं गिटार गळ्यातून काढून फळ्यांवर ठेवली. गोपीचंदनं प्लग पुसला आणि बोर्डात लावला. त्याच्याजवळ वायरमनचा तपासायचा बल्ब होता, दोन उघड्या वायरी लावलेला. एक वायर त्यानं गिटारच्या तारेला टेकवली. दुसरी माईकच्या जाळीला.

बल्ब पेटला. भकभक नाही. पुरा पेटला.

त्या उजेडात टेकचंदचं तोंड सगळ्यांना दिसलं.

गोपीचंदनं प्लग ओढून काढला. टेकचंद स्टेजच्या कडेला जाऊन बसला, पाय खाली सोडून. तिथून त्यानं अश्वजितला विचारलं,

"तिसरं कडवं... तुले येत होतं?"

"नाही, भाऊ."

टेकचंदनं मान हलवली. त्या हंगामभर पार्टी कुठे गेली नाही. अश्वजितला त्यानं काढलंही नाही आणि बोलावलंही नाही. आज त्या पार्टीचं नावच उरलं नाही. अश्वजितनं नंतर बेस हातात धरला नाही. आई विचारायची, काहून सोडलं रे? तो म्हणायचा, आपल्याले येत नव्हतं.

पण ते मागाहूनचं.

त्या रात्री निघताना अश्वजितनं कॉम्बोची वायर प्लगाजवळ कापली. प्लग एकोडीच्या तलावात फेकला. नुसती वायर खोक्यावर गुंडाळली. कॉम्बो डोमाच्या गाडीतच राहिला, उघड्यावर, वर एक ताडपत्री. डोमा त्याला हात लावायला तयार नव्हता आणि अश्वजितच्या बापानं तो घरात घेऊ दिला नाही. थंडी वाढत गेली. सकाळी ताडपत्रीवरचं दव गोठल्यासारखं घट्ट असायचं. अमावास्या होऊन गेली, तेव्हा दोघं चिखल्याला निघाले.

देवकाबाई दारातच होती. गाडी पाहून उठली.

"जयभीम, काकू."

"जयभीम."

त्यांनी कॉम्बो उतरवला, आतल्या खोलीत नेला, होता तिथे ठेवला. देवकाबाई मागून आली.

"पुरं झालं?"

"झालं."

"तूच वाजवलं?"

अश्वजितनं डोमाकडे पाहिलं. डोमा भिंतीकडे पाहत होता.

"अना पिन?"

"...तोडली, काकू. म्याच तोडली."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. नखापासून डोक्यापर्यंत, सगळा आहे की नाही, तसं. मग ती चादर घेऊन वाकली. चादर पांघरताना तिचा हात खोक्याच्या पाठीला लागला.

हात तिथेच राहिला.

चादर खाली पडली. तिनं दुसराही हात ठेवला.

अश्वजितनं पुढे होऊन बोटं टेकवली, आणि लगेच काढून घेतली. डोमानंही टेकवली.

खोकं गरम होतं. रात्रभर वाजून आत्ताच बंद झाल्यासारखं.

देवकाबाईनं हात काढले नाहीत.

"फिटलं," ती म्हणाली.